बाळंतिणीची रातपाळी

गेल्या महिन्यात नातीला घेऊन तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. नात बाळंत होऊन पंधरा दिवस झालेले. बाळ दिवसा झोपतं, रात्री टक्क जागं राहतं, आणि नात बसल्या जागी रडते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळी अर्धा तास उजेडात बसत जा. माणसाच्या मेंदूत म्हणे एक घड्याळ असतं आणि त्याला सकाळच्या उजेडाने किल्ली मिळते. उजेड मिळाला नाही की झोप, भूक आणि मन, तिघंही आपापल्या वाटेने चालू लागतात. फार गोड बोलत होत्या. मी मात्र शेजारी बसून चरफडत होते. अहो बाई, हे सांगायला एवढी वर्षं लावलीत? मी सव्वीस दिवस अंधारात काढले तेव्हा कुठे होता तुम्ही सगळे?

बाहेर आल्यावर नातीने विचारलं, "आजी, तू का चिडलीस?" तिला रिक्षात बसून जे सांगितलं तेच इथे लिहिते. रिक्षात अर्धंच झालं होतं.

आम्ही तेव्हा उल्हासनगरात राहत होतो. उल्हासनगर कुणी म्हणत नसे, कॅम्पच म्हणत. लढाईच्या वेळी लष्करासाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, फाळणीनंतर त्यांत सिंधी कुटुंबं येऊन राहिली. अशाच एका कुटुंबाने आपल्या वाट्यातली टोकाची एक खोली आम्हाला भाड्याने दिली होती. आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते, सायकलने जात-येत. खोलीला एकच खिडकी, पूर्वेला, दोन काचांची. दोन्ही काचांना लढाईतल्या ब्लॅकआउटचा काळा रंग फासलेला, वरच्या विमानाला दिवा दिसू नये म्हणून. लढाई संपली, इंग्रज गेले, रंग तसाच राहिला. माणसं खोली घेताना उजेड बघतात. ह्यांनी भर दुपारी दार लावून घेतलं, डोळ्यांपुढे हात धरला, हात दिसला नाही, आणि खूश होऊन म्हणाले, "हीच घेऊ."

कारण ह्यांना महिना-महिना रातपाळी असे. त्या वर्षी दिवाळीच्या आधीपासून कारखान्यात काम इतकं वाढलं की रातपाळी संपायचं नावच घेईना. रात्री दहाला जायचं, सकाळी सातला यायचं, चहा घ्यायचा आणि त्या काळ्या खोलीत दुपारी चारपर्यंत झोपायचं. मी दिवसभर पायांचा आवाज न करता वावरायला शिकले होते. भांडं पडलं की मीच दचकायची.

त्यातच मला दिवस भरत आले. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे पहिलटकरणीला माहेरी न्यायला कुणी नव्हतं. वडिलांना स्वतःचा चहा करता येत नसे, ते माझं बाळंतपण काय करणार. मग बदलापूरच्या पलीकडच्या गावाहून सासूबाई आल्या. खोटं कशाला बोलू, बाईंच्या हाताला चव होती आणि कामाचा कंटाळा नव्हता. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतशोपा, सगळं वेळच्या वेळी. मुलगी झाली म्हणून नाकही मुरडलं नाही त्यांनी. पण त्यांचं एक शास्त्र होतं: बाळंतिणीला सव्वा महिना वारा लागता कामा नये. ते शास्त्र त्या खोलीत शिरलं आणि माझी माती झाली.

दार बंद. दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलेलं. बाजेखाली शेगडी, त्यात ओव्याची धुरी. माझे कान घट्ट बांधलेले. कोपऱ्यात वात बारीक केलेला कंदील, तोही ह्यांच्या बाजूला उजेड जाऊ नये म्हणून खोक्याच्या आड. पहिले दहा दिवस हे एका सोबत्याकडे झोपले, मग परत आले आणि साडीच्या पडद्यापलीकडे चटई टाकून झोपू लागले. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, "बाळंतिणीलाही चांगली खोली आहे आणि त्यालाही. दोघांची सोय झाली." दोघांची सोय. मला आजही हा शब्द ऐकला की कपाळात तिडीक जाते.

बारसंसुद्धा त्या खोलीतच केलं. बायका आल्या, पाळणा म्हटला, घुगऱ्या घेऊन उजेडात निघून गेल्या.

पहिले पंधरा दिवस मी नुसती थकलेली होते. त्यानंतर मला वेळ कळेनाशी झाली. हे कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून बोलले नाही. डोळा उघडला की कळत नसे की ही पहाट आहे का तिन्हीसांज. कारखान्याचा भोंगा आमच्यापर्यंत ऐकू येई, पण मेला सकाळी, दुपारी आणि रात्री एकाच सुरात वाजायचा. ताटात भाकरी असली की जेवण आणि लाडू असला की सकाळ, एवढाच माझा हिशेब. मग सासूबाई एकदा संध्याकाळचाही लाडू द्यायला लागल्या आणि तोही हिशेब मोडला. झोप येई ती धड येत नसे आणि जाग येई तीही धड नसे.

मुलीचं तर विचारूच नका. सगळं जग झोपलं की तिचे डोळे उघडणार. "हिला दिवस-रात्र उलटी झालीय," असं सासूबाई म्हणत. अहो, उलटी व्हायला आधी सुलटी असावी लागते. त्या खोलीत दिवस होताच कुठे, की तिने तो ओळखावा?

मी रडू लागले. दुखतंय म्हणून नाही, कुणी बोललं म्हणून नाही. लाडू हातात घ्यायचा आणि रडायचं. पुढे रडूही येईना. ते सगळ्यात वाईट होतं. मुलगी रडली की तो आवाज शेजारच्या खोलीतून येतोय असं वाटायचं, कुणाचं तरी मूल रडतंय, त्याची आई घेईल. सासूबाई मुलगी आणून छातीशी लावत, मी पाजत असे, आणि माझ्या मनात काहीही नसे. आई होऊन असं कसं असू शकतं? मी वाईट बाई आहे, एवढंच मला कळत होतं.

सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. बाहेरचं काही लागलं असेल म्हणून उशाखाली विळा ठेवला. आणि अंधार आणखी घट्ट केला, कारण त्यांच्या मते कुठून तरी वारा लागत होता. खिडकीच्या फटीही त्यांनी कणकेने लिंपल्या. आता सांगा, डोकं आपटावं का हसावं?

मग एक दिवस झालं असं. सासूबाई नळावर गेल्या होत्या, हे पडद्याआड कानात कापसाचे बोळे घालून झोपलेले. मुलगी बाजेवर माझ्या शेजारी होती. मी उठून भिंतीकडे तोंड करून खाली बसले होते. किती वेळ बसले, देव जाणे. सासूबाई परतल्या तेव्हा मुलगी सरकत सरकत बाजेच्या कडेला आली होती, रडून रडून काळीनिळी झालेली, आणि बाजेखाली शेगडी. मी चार हातांवर होते. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

सासूबाई ओरडल्या नाहीत. मुलीला उचलून त्यांनी पदरात घेतलं, बराच वेळ तिला थोपटत राहिल्या, आणि म्हणाल्या, "रविवारी हिला बदलापूरला पाठवते. तिथे नीट वाढेल. तू बरी झालीस की बघू."

बदलापूरला माझी नणंद राहत होती, ह्यांच्याहून मोठी. घरी भातशेती, गाईगुरं, कडेवर नुकतं दूध सोडलेलं पोर, म्हणजे अंगावर दूध अजून होतंच. स्वभावाने गंभीर बाई. आपल्या आईला "वहिनी" म्हणायची आणि "तुम्ही" म्हणायची. जुन्या घरांत मुलं आईला काहीही म्हणतात, वहिनी, काकू, अक्का, म्हणून मला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. तिला निरोप गेला.

मी नको म्हणाले नाही. हे मला अजून खुपतं. मला वाटलं, बरंच झालं, तिला कुणीतरी चांगली आई मिळेल. असं वाटलं, आणि मग मी पहिल्यांदा घाबरले. माझी मुलगी जाणार होती आणि मला ते चालणार होतं.

ह्यांना चारच्या सुमाराला जाग आली. चहाचा कप हातात घेऊन हे पडदा सारून आत आले. मी विचारलं, "अहो, आत्ता सकाळ आहे की संध्याकाळ?"

हे कप धरून तसेच उभे राहिले. "पुन्हा विचार," म्हणाले.

"सकाळ आहे की संध्याकाळ?"

"अगं, मी उठल्यावर रोज हेच विचारतो. आईला." मग बाजेच्या कडेला बसले. घरात आई असताना बाळंतिणीच्या बाजेवर नवऱ्याने बसायचं नसतं, पण बसले. "तुला कशाची चव लागते का?"

"नाही."

"रडू येतं?"

"आधी यायचं."

हे म्हणाले, "तुला रातपाळी लागलीय." मग हे आपल्या आपण बोलू लागले. कारखान्यात रातपाळीचा तिसरा महिना लागला की धडधाकट माणसं बिघडतात. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून त्याच्याकडे बघत रडणारा माणूस ह्यांनी पाहिला होता. चांगला पहिलवान गडी. एकाने उगाचच आपल्या पाठच्या भावाशी अबोला धरला. त्यांचा मुकादम अडाणी होता, पण अशा माणसाला तो आठवडाभर दिवसपाळीला टाकी. काही औषध नाही, पाणी नाही. आठवड्यात माणूस ताळ्यावर येई. "माझंही डोकं ताळ्यावर नाही," हे म्हणाले. "पण मी निदान सायकलवरून येताना ऊन बघतो. तू काय बघतेस?"

एवढं सगळं माहीत होतं ह्या माणसाला. पडद्याच्या अलीकडे बायको काय करतेय ते सव्वीस दिवस दिसलं नाही. मी नंतर आयुष्यभर हे त्यांना ऐकवलं आणि त्यांनी ते आयुष्यभर ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावरून आले ते लोखंड कापायच्या हॅकसॉचं मोडकं ब्लेड घेऊन. चहाही घेतला नाही. खिडकीपाशी स्टूल ओढलं आणि डावी काच खरवडायला लागले. त्या आवाजाने माझे दात आंबले. सासूबाई स्वयंपाकाच्या पडवीतून धावत आल्या.

"अरे काय चाललंय तुझं?"

"आई, बाळंतिणीला काय लागू नये?"

"वारा."

"काच फुटलीय का कुठे?"

"नाही."

"मग वारा कुठून येणार? मी नुसता रंग काढतोय."

"अरे, पण उजेड येईल त्यातून."

"उजेड लागू नये असं तू कधी म्हणालीस?"

सासूबाई खरंच विचारात पडल्या. त्यांच्या सासूने, सासूच्या सासूने काय काय सांगितलं होतं ते त्या आठवून बघत असाव्यात. त्यात उजेडाचं काही सापडेना. तेवढ्यात बाहेरून घरमालकीण ओरडली. तिला सगळे अदी म्हणत, सिंधीत मोठी बहीण. ती दिवसभर पापड लाटायची आणि आमच्या खिडकीसमोर खाटा टाकून वाळत घालायची. वारा आला की उडू नयेत म्हणून एक चटई उभी करायची, ती नेमकी आमच्या काचेपुढे. आवाज ऐकून, रंगाचे कपटे आता पापडांवर पडणार असं वाटून ती भांडायलाच आली होती. काय चाललंय ते ह्यांनी तिला सांगितलं. तिने काचेतून आत डोकावून मला बघितलं, आणि तिचा मोर्चा सासूबाईंकडे वळला.

"मेरे पापड को सारा दिन धूप चाहिए, और तुम्हारी बहू को एक घंटा भी नहीं? पापड से भी गई क्या?"

आणि बडबडत तिने चटई उचलली, खाटाही चार हात मागे ओढल्या.

सासूबाईंचं शेवटचं अस्त्र एकच उरलं होतं. "तू झोपणार कुठे मग?"

"इथेच," हे म्हणाले. माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी डोळ्यांवर बांधली आणि चटईवर आडवे झाले. झोप लागली नाही हे आम्हाला दोघींनाही दिसत होतं. दिवसभर कूस बदलत होते.

ऊन आलं ते सरळ बाजेवर. डोळ्यांतून पाणी आलं, ते नुसतं उजेडाचं. मग मी मुलीकडे पाहिलं. तिच्या डाव्या कानाच्या पाळीवर तीळ होता. केस काळे नव्हते, तांबूस होते, माझ्या आईचे होते तसे. सव्वीस दिवसांची लेक, माझ्या पोटची, आणि तिच्या केसांचा रंग मला माहीत नव्हता. मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. कुणाचा ते कळेना. सासूबाईंचा म्हणावा तर त्या माझ्यासाठी राबत होत्या. ह्यांचा म्हणावा तर हा माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून पडला होता. पण संताप आला, आणि कित्येक दिवसांनी मला काहीतरी वाटलं होतं.

चार दिवसांत मी खडखडीत बरी झाले असं मुळीच नाही. पण सकाळ कोणती ते कळू लागलं. रात्री अंधार झाला की झोप यायला लागली. मुलीनेही एका रात्री तीन तास सलग डोळा लावला, सासूबाई घाबरून तिच्या नाकापुढे बोट धरून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी ती रडली, आणि तो आवाज शेजारच्या खोलीतून आला नाही. माझ्या शेजारूनच आला.

पण रविवार ठरलेलाच होता, आणि सासूबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं. नणंद सकाळच्या गाडीने आली. सोबत मऊ गोधडी आणलेली, बाळाला गुंडाळायला. सासूबाईंनी मुलीचे कपडे, काजळाची डबी, गुटीचं खोड, सगळं पिशवीत भरून ठेवलं होतं. नणंद बाजेवर, त्या काचेखाली बसली आणि मुलीला मांडीवर घेतलं. मुलीने उन्हात डोळे मिचकावले.

मी म्हणाले, "वन्सं, नेऊ नका हिला." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मी वाईट आहे, मला कळतं. पण नेऊ नका. मला आता ऐकू येतं ती रडलेली."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्याच भल्यासाठी."

नणंदेने मुलीवरून नजर काढली नाही. ती मला म्हणाली, "मी आत्याकडे वाढले, तुला ठाऊक नसेल. आत्या तुझ्या सासूबाईंना वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनी म्हणते. मला सव्वा महिन्याची नेली. बाळंतीण भ्रमिष्ट झाली, असं आत्या सांगायची." मग ती आईकडे वळली. "वहिनी, आज विचारते. मला नेलं तेव्हा तुम्ही अडवलं का नाहीत?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा हात पिशवीच्या बंदावर होता.

"आमच्याकडे बाळंतिणीची खोली न्हाणीच्या मागे होती," त्या म्हणाल्या. "तिला खिडकीच नव्हती. कोण तुला उचलतंय ते मला दिसलंच नाही गं. कुणीतरी म्हणालं सकाळ झाली, मी हात फिरवला, तर शेजारची जागा गार होती."

पडद्यापलीकडे ह्यांचं कूस बदलणं थांबलं होतं. थोड्या वेळाने नणंदेने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि आणलेली गोधडी तिच्या पायांवर घातली. दुपारी पिठलं-भात जेवली आणि चारच्या गाडीने एकटीच परत गेली. जाताना "येते वहिनी" असंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला करकर आवाजाने जाग आली. सासूबाई स्टुलावर चढल्या होत्या आणि स्वयंपाकाच्या उलथन्याने उजव्या काचेवरचा रंग खरवडत होत्या. हे नुकतेच कामावरून येऊन आडवे झाले होते. पट्टी वर करून म्हणाले, "आई, अगं आता तरी मला झोपू दे."

त्यांनी काही ऐकलं नाही. काच पार स्वच्छ झाल्यावरच त्या खाली उतरल्या.